सहा चुका इथेही माफ, पण छत्तीस प्रश्नांत

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

पुण्या-ठाण्याहून आलेल्या कुटुंबाचं इथे घर लागतं, बँकेत खातं निघतं, मुलांची शाळा सुरू होते आणि लगेच गाडीवाचून अडायला लागतं. किराणा, दवाखाना, मुलांचा पोहण्याचा क्लास, सगळं मैलांच्या हिशेबात. कॅलिफोर्नियात वास्तव्य ठरलं की 10 दिवसांत इथलं लायसन्स काढायचा नियम आहे. भारतातलं पक्कं लायसन्स खिशात असलं तरी लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही चुकत नाहीत. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना मात्र भारतातल्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते.

लेखी परीक्षेबद्दल घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘अगं, सोपी असते, आदल्या रात्री बघ.’ याच सल्ल्याने बऱ्याच जणांचं नुकसान होतं.

महाराष्ट्रात लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत 15 प्रश्न, प्रत्येकाला 30 सेकंद आणि 9 बरोबर आले की पास. म्हणजे सहा चुका चालतात. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागात, म्हणजे डीएमव्हीत, 18 वर्षांवरच्या उमेदवाराला 36 प्रश्न असतात, त्यातले 30 बरोबर यावे लागतात. चुका इथेही सहाच माफ, पण दुपटीहून जास्त प्रश्नांत. तिकडे शंभरात साठ पुरतात, इकडे त्र्याऐंशीच्या पुढे जावं लागतं. अठराच्या आतल्या मुलांना 46 पैकी 38.

अमेरिकेत लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं आणि पासिंगही आपापलं ठरवतं. न्यू जर्सीत 50 पैकी 40, टेक्सासमध्ये 30 पैकी 21. पेनसिल्व्हेनियात प्रश्न फक्त 18, म्हणून उमेदवार खूश होतो. पण 15 बरोबर लागतात आणि चौथी चूक झाली की परीक्षा गेली. न्यूयॉर्कमध्ये 20 पैकी 14 पुरतात, मात्र चिन्हांवरच्या चार प्रश्नांपैकी निदान दोन बरोबर हवेतच. त्या चारपैकी तीन चुकले तर बाकीचे सगळे सोळा बरोबर असूनही नापास. म्हणून टक्के विचारण्यापेक्षा ‘किती चुका चालतात आणि कशातल्या’ हे विचारलेलं बरं. अभ्यास कुठे वाढवायचा ते त्यातून कळतं.

हा राज्याराज्यांतला फरक जुना आहे. मॅसॅच्युसेट्स आणि मिसुरी यांनी 1903 मध्येच लायसन्स सक्तीचं केलं, पण मिसुरीत परीक्षा यायला 1952 उजाडलं. साउथ डकोटाने तर लायसन्सच 1954 मध्ये सुरू केलं.

फरकाची खरी झळ बसते ती स्कूल बसच्या प्रश्नात. पिवळी बस थांबते, लाल दिवे लुकलुकायला लागतात, बाजूने ‘स्टॉप’ची पाटी बाहेर येते. मागची वाहनं थांबणार, हे कुणीही सांगेल. समोरून येणाऱ्यांचं काय? साध्या दुपदरी रस्त्यावर त्यांनीही थांबायचं. पण मध्ये दुभाजक असेल तर? कॅलिफोर्नियात पलीकडच्या बाजूने थांबायची गरज नाही. न्यू जर्सीत थांबायचं नाही, पण वेग ताशी 10 मैलांवर आणायचा. न्यूयॉर्कमध्ये दुभाजक असला तरी थांबायचंच. प्रश्न एक, उत्तरं तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. बसमधून उतरणारं मूल रस्ता ओलांडायला धावू शकतं, म्हणून हा नियम केवळ मार्कांपुरता वाचू नये.

अग्निशमन दलाचा नळ फुटपाथवर जागोजागी दिसतो. त्याच्यापासून किती अंतर सोडून गाडी लावायची? कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये 15 फूट, न्यू जर्सीत 10. नवऱ्याने न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असताना काढलेल्या टिपणांवर बायकोने फ्रीमाँटमध्ये परीक्षा दिली तर असा हुकमी मार्क हातचा जातो. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळायची मुभा बहुतेक ठिकाणी आहे. न्यूयॉर्क शहरात मात्र तशी पाटी असल्याशिवाय नाही.

अनुभवी चालकाचा हात जिथे सवयीने वळतो, तिथे जास्त लक्ष द्यावं लागतं. भारतात धोक्याची सूचना लाल कडेच्या त्रिकोणात असते, इथे ती पिवळ्या चौकटीत, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या. परीक्षेत कधी अक्षरं पुसून नुसता आकार दाखवतात. रस्त्यावरची पिवळी रेघ समोरून येणारी वाहतूक वेगळी करते, पांढरी रेघ एकाच दिशेच्या लेन. चारही बाजूंना ‘स्टॉप’ असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. आपल्याकडे चौकात ज्याने गाडी पुढे घातली तो जातो, त्यामुळे हा नियम पाठ होऊनही अंगवळणी पडायला वेळ लागतो.

तयारीसाठी कॅलिफोर्नियाचं हँडबुक डीएमव्हीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं आणि प्रश्न त्यातूनच निघतात. ते एकदा सलग वाचावं. आकड्यांचं एक पान वेगळं करावं: वळण्याआधी 100 फूट सिग्नल, निवासी भागात आणि शाळेजवळ ताशी 25 मैल, गल्लीबोळात 15, रक्तातल्या मद्याची मर्यादा 0.08 टक्के, एकविसाच्या आतल्यांसाठी 0.01. सराव परीक्षा त्यानंतर द्यावी, आणि चुकलेल्या प्रश्नाचं नुसतं उत्तर न घोकता हँडबुकातलं ते पान पुन्हा काढावं. नमुना प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेलेल्याला ‘दुभाजक नसेल तर’ एवढा बदल झाला तरी घाम फुटतो.

ही परीक्षा हल्ली घरी बसून, संगणकाचा कॅमेरा चालू ठेवूनही देता येते. नापास झालं तर त्याच अर्जावर, त्याच फीमध्ये एकूण तीन संधी असतात. अल्पवयीन मुलांना दुसऱ्या प्रयत्नासाठी 7 दिवस थांबावं लागतं. पास झालं की परमिट मिळतं आणि लायसन्स असलेलं माणूस शेजारी बसवून सराव सुरू करता येतो. बहुतेक मराठी घरांत शेजारची ती जागा नवऱ्याची किंवा बायकोची असते आणि पहिला रविवार शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जातो.