उडालेला बल्ब बघताना

सामरवरणीच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या गाळ्यात उडालेला बल्ब लगेच कचऱ्यात जात नाही. मिस्त्री तो आधी उजेडाकडे धरतो, चिमटीत फिरवतो, कानाशी नेऊन हलवतो आणि मगच गिऱ्हाइकाला विचारतो, "भाऊ, एकच उडाला का दोन्ही?" गिऱ्हाइकाला घाई असते. त्याला नवा बल्ब हवा असतो, चौकशी नको असते.

मिस्त्री मूळचा जळगावकडचा. गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही भाषांत सारखाच बोलतो, गावी फोन लावला की अहिराणी सुरू होते. सामरवरणी हे सिल्वासाला चिकटलेलं गाव. 2011 च्या जनगणनेत त्याची गणना शहरात झाली, कारण शेतांच्या जागी कारखाने आले आणि कारखान्यांमागून चाळी. पाळी सुटली की रात्रीही रस्ता जागा असतो. डीएन-09, जीजे-15, एमएच-48 अशा सगळ्या पाट्यांच्या गाड्या गाळ्यासमोर लागतात. त्यात पावसाळा चार महिने धो धो, आणि अवजड ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. हेडलाइटचा बल्ब उडायला लागतं ते सगळं इथे हाताशी आहे.

साध्या हॅलोजन बल्बात टंगस्टनची स्प्रिंगसारखी वळलेली बारीक तार असते. टंगस्टन 3422 अंशांना वितळतं आणि दिवा चालू असताना ही तार त्याच्या काहीशे अंशच अलीकडे जळत असते. त्या तापात तिच्यावरून टंगस्टनची वाफ सुटत राहते. बल्बात भरलेलं आयोडीन किंवा ब्रोमीन ही वाफ काचेजवळ पकडतं आणि तारेकडे परत आणतं, म्हणून काच काळी पडत नाही. मात्र परत आलेलं टंगस्टन जिथून गेलं तिथेच बसत नाही. जी जागा एकदा बारीक झाली ती जास्त तापते, जास्त तापली म्हणून आणखी बारीक होते, आणि एके दिवशी स्विच दाबताक्षणी तिथेच तुटते. स्विच दाबतानाच, कारण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाएवढाच असतो आणि पहिल्या क्षणी करंटचा लोंढा येतो. हे म्हातारपणचं मरण. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार असते दर दोन महिन्यांनी उडणाऱ्या बल्बाची.

मी बसलो होतो तेव्हा एक जुनी हॅचबॅक आली. दोन्ही बल्ब आठवड्याच्या आत उडालेले. मिस्त्रीने एक बल्ब माझ्या हातात दिला. काचेला आतून चंदेरी-काळी झाक होती, तारेची तुटलेली टोकं वितळून मण्यासारखी गोल झाली होती. "हा जास्तीच्या व्होल्टेजनं गेला," तो म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं, मल्टिमीटरचे पिन बॅटरीला लावले आणि गाळ्यातल्या पोराला रेस द्यायला सांगितलं. आकडा चौदाच्या वर जाऊन थांबायला हवा होता, तो पंधरा ओलांडून गेला. अल्टरनेटरचा रेग्युलेटर, इथल्या भाषेत कटआउट, निकामी झाला होता. बारा व्होल्टच्या बल्बाची चाचणी 13.2 व्होल्टवर घेतात. त्यावर पाच टक्के जादा व्होल्टेज मिळालं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं, कारण आयुष्य व्होल्टेजच्या बाराव्या-तेराव्या घाताने घटतं. एवढा चढा हिशेब मोटारीच्या दुसऱ्या कुठल्या भागाला क्वचितच लागू होत असेल. बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं का, असं मिस्त्रीने विचारलं. होतं, मालक म्हणाला, पण त्याचा बल्बाशी काय संबंध? संबंध एवढाच, की दोघांनाही एकच कटआउट मारत होता.

याची दुसरी बाजू जास्त गमतीची आहे. ज्या गाडीचे बल्ब वर्षानुवर्षं उडत नाहीत तिचं वायरिंग बरेचदा खराब असतं. बारीक वायर, गंजलेला अर्थचा जोड, सैल होल्डर यांत व्होल्टेज वाटेतच गळतं. बल्बापर्यंत दहा टक्के कमी पोचलं तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो, आणि बल्ब मात्र मजेत जगतो. मालक खूष असतो, समोरचा खड्डा त्याला दिसत नाही एवढंच. मग उजेड कमी वाटतो म्हणून तो म्हणतो, "नव्वद-शंभरचा टाका." मूळ बल्ब साठ-पंचावन्न वॉटचा, म्हणजे अपरला साठ आणि डिपरला पंचावन्न. शंभरचा टाकला की पाच अँपिअरच्या जागी आठच्या वर करंट त्याच वायरीतून, त्याच होल्डरमधून जातो, आणि जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट होते. असे होल्डर मिस्त्रीने जपून ठेवले आहेत. प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलेलं, पितळी पात्याचा ताण गेलेला. अशा सैल पात्यावर ठिणग्या उडतात आणि नवा बल्बही जगत नाही. शिवाय वाढीव वॉटचा दिवा नियमात बसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपवतो ते वेगळंच. खरा उपाय म्हणजे रिले बसवून बॅटरीपासून नवी जाड वायर ओढायची आणि अर्थ घासून घट्ट करायचा. मग साठच्याच बल्बात रस्ता उजळतो. त्या उजेडात बल्बाचं आयुष्य थोडं घटणार, हे मात्र मिस्त्री आधी सांगून टाकतो.

दोन्ही बल्ब उडाले तर संशय अल्टरनेटरवर, आणि एकाच बाजूचा पुन्हा पुन्हा उडाला तर त्या बाजूच्या हेडलाइटवर. बल्बात पांढरी-पिवळसर पूड दिसली की हवा आत शिरली. बहुतेकदा मागची रबरी टोपी फाटलेली असते, किंवा आधीच्या मेकॅनिकने ती परत बसवलेलीच नसते. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की तडा जाऊ शकतो. काचेवर दुधट डाग किंवा फुगवटा असेल तर कुणीतरी बोट लावलेलं. ही काच क्वार्ट्झची. बोटाचं तेल आणि मीठ त्या तापात तिच्यात भाजून बसतं, तेवढी जागा कमजोर होते. मिस्त्री स्वतः बल्ब पत्र्याच्या बुडाला धरूनच बसवतो, चुकून हात लागला तर स्पिरिटने पुसतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भर पावसात टॉर्च तोंडात धरून बल्ब बसवणाऱ्याला ते आठवत नाही.

ट्रकचं गणित निराळं. तिथे चोवीस व्होल्ट, म्हणून तेवढ्याच वॉटला करंट निम्मा आणि तार आणखी लांब, आणखी बारीक. हादरे तिला सोसत नाहीत. हादऱ्याने गेलेल्या बल्बाची काच स्वच्छ असते. दिवा बंद असताना तुटलेली तार टोकाला काचेसारखी धारदार तुटते. चालू असताना जोराचा दणका बसला तर मऊ झालेली तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते. अपघातांच्या तपासात हाच पुरावा वापरतात. टक्कर होताना दिवा चालू होता की नव्हता, हे तारेवरून कळतं. दिवा चालू असताना काच फुटली असेल तर गरम तारेला काचेचे कण चिकटलेले सापडतात. चालक काय सांगतो ते ऐकायचं, पण बल्ब काय म्हणतो तेही बघायचं.

दुचाक्यांचा गोंधळ 2017 पासून वाढला. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचा स्विचच नाही. दिवसाउजेडीही दिवा जळत राहिल्यावर बल्ब लवकर संपणार हे उघड आहे. दिवसा समोरच्याला गाडी दिसावी हा हेतू चांगला, पण तक्रार येते ती गाळ्यावर. आता नव्या मॉडेलांत एलईडी आले. ते बिघडले तर कित्येकदा अख्खा दिवाच बदलावा लागतो. मिस्त्रीला त्यात रस नाही, उघडून बघण्यासारखं त्यात काही नसतं म्हणतो.

मला एवढं कळलं की बल्ब वारंवार उडण्यामागे कारण जवळजवळ नेहमी सापडतं, ते शोधायचे पैसे कुणी देत नाही. बल्ब बदलायला पाच मिनिटं लागतात, मोबदला हातावर पडतो. बंपर काढून खराब अर्थ शोधायला तास-दीड तास जातो, आणि सापडला की गिऱ्हाईक म्हणतं, "नट तर घट्ट केलास, त्याचे एवढे?" त्यामुळे मिस्त्रीने आता पद्धत ठरवली आहे. पहिल्यांदा आलेल्याला बल्ब देतो, फार काही बोलत नाही. तोच माणूस तीन महिन्यांच्या आत त्याच बाजूचा बल्ब घेऊन परत आला तर नवा बल्ब विकत नाही, आधी गाडी ठेवून जा म्हणतो. काही जण चिडून शेजारच्या दुकानातून बल्ब घेतात.