ट्रायल रूमची कडी आणि पेढीची पत

३ एप्रिल २०१५ हा गुड फ्रायडेच्या सुट्टीचा दिवस होता. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी गोव्यात कांदोळी येथील एका नामांकित वस्त्रदालनात खरेदीसाठी गेल्या होत्या. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने तोंड केलेला एक सीसीटीव्ही कॅमेरा त्यांच्या लक्षात आला. पोलिसांत तक्रार झाली, गुन्हा नोंदविला गेला, चित्रण साठविणारी यंत्रणा ताब्यात घेण्यात आली आणि दालनातील कर्मचाऱ्यांना अटक झाली. कॅमेरा लपविलेला नव्हता, तो दुकानातील देखरेखीसाठीच बसविलेला होता, असे दालनचालकांचे म्हणणे होते.

त्या प्रकरणातील दोषादोष ठरविणे हा न्यायालयाचा विषय आहे. परंतु कापडाच्या व्यवसायात असलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्त्रीच्या अब्रूवर घाला घालण्यासाठी आरशामागे छुपा कॅमेरा दडविणारा दुष्ट मनुष्यच लागतो असे नाही. चोरी रोखण्यासाठी छताला लावलेला, पण चुकीच्या कोनात वळलेला साधा कॅमेराही तेवढेच नुकसान करू शकतो. मालक सज्जन आहे, एवढ्याने त्याचे दुकान सुरक्षित ठरत नाही.

गादीवरून ट्रायल रूमकडे

दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कापड दुकानात नव्हताच. पांढऱ्याशुभ्र गादीवर लोडाला टेकून शेठजी बसत, समोर साड्यांच्या घड्या उलगडल्या जात, ताग्यातून वार मोजून कापड फाडले जाई. घरातील चारचौघी एकत्र येत. साडी फार तर खांद्यावर टाकून आरशात पाहिली जाई. पोलके शिवायचे ते ओळखीच्या शिंप्याकडे. अंगावरचा कपडा उतरविण्याचा प्रसंग दुकानात येत नसे.

तयार कपड्यांनी हे चित्र पालटले. कुर्ती, जीन्स, गाऊन, लेहंगा हे सर्व अंगावर घालून पाहिल्याशिवाय घेता येत नाही. मापांचे आकडे प्रत्येक कंपनीचे निराळे. त्यामुळे जुन्या दुकानांत जिन्याखालची जागा, पोटमाळ्याखालचा कोपरा किंवा गोदामाच्या वाटेवरची अडगळ प्लायवूडने बंदिस्त करून ‘ट्रायल रूम’ तयार झाली. दर्शनी भागाच्या सजावटीवर लाखो रुपये खर्च झाले, पण या चार बाय चारच्या खोलीचा विचार सर्वांत शेवटी आणि उरलेल्या फळ्यांत झाला. कुठे दाराऐवजी पडदा आहे आणि तो दोन्ही टोकांना एकाच वेळी पोहोचत नाही. कुठे कडी आहे, पण ती बसत नाही. लग्नसराईच्या गर्दीत अशा खोलीबाहेर आई पडद्याचे टोक धरून उभी राहते आणि आत मुलगी घाईघाईने कपडे बदलते. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यात काही गैर आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

लॉकरचा धडा

या बाबतीत बँकेचे लॉकर हा उत्तम नमुना ठरावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयी सुधारित निर्देश दिले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार लॉकर कक्षाच्या प्रवेशद्वारावर व सामाईक वावराच्या जागी कॅमेरे हवेत आणि त्यांचे चित्रण किमान १८० दिवस जपले पाहिजे. परंतु बँकेचा अधिकारी आपली किल्ली लावून दिल्यानंतर, ग्राहक लॉकर उघडत असताना तेथे थांबू शकत नाही. ग्राहकाला पुरेसा एकांत मिळेल, हे पाहण्याची जबाबदारीही बँकेचीच. शिवाय कर्मचाऱ्याने केलेल्या अफरातफरीमुळे नुकसान झाले, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक देणे लागते. ‘नोकराने केले, आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर तेथे चालत नाही.

दारापर्यंत पहारा, दाराच्या आत संपूर्ण एकांत आणि कर्मचाऱ्याच्या कृत्याची जबाबदारी संस्थेवर, ही तीन सूत्रे दागिन्यांच्या पेटीसाठी आपण योग्य मानतो. लेकीसुनांच्या शरीराच्या मर्यादेला त्याहून कमी मोल कसे देता येईल?

कायदा काय म्हणतो

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय दंड संहितेत कलम ३५४-क नंतरच्या नव्या तरतुदींत स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. आपल्याला कोणी पाहणार नाही अशी स्त्रीची स्वाभाविक अपेक्षा असते, अशा ठिकाणी ती खासगी कृतीत असताना तिला पाहणे, तिचे चित्र टिपणे किंवा ते पसरविणे, या तिन्ही गोष्टी त्यात येतात. पहिल्या दोषसिद्धीला किमान १ वर्ष ते ३ वर्षे कारावास व दंड. पुन्हा तोच गुन्हा केल्यास किमान ३ वर्षे ते ७ वर्षे कारावास व दंड. म्हणजे चित्रण झालेच पाहिजे असेही नाही; फळीच्या फटीतून डोकावणाराही गुन्हेगारच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई एखाद्या व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे संमतीविना चित्रण अथवा प्रसारण करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कारावास, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. हे संरक्षण पुरुषांनाही आहे.

व्यापारी वर्गाने विशेष लक्ष द्यावे ते याच कायद्याच्या कलम ८५ कडे. गुन्हा कंपनीकडून घडला, तर त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाते, आणि येथे ‘कंपनी’ या शब्दात भागीदारी पेढीचाही समावेश आहे. आपल्या नकळत हे घडले किंवा ते टाळण्यासाठी आपण पूर्ण दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीला सिद्ध करावे लागते. भागीदाराची हयगय दिसून आली, तर तोही सुटत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’ लागू होतो. गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हा त्याखाली अपराध आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दुकानात काय असावे

सुधारणेचा खर्च एका लग्नसराईच्या जाहिरातीहूनही कमी आहे. भिंती जमिनीपासून छतापर्यंत असाव्यात आणि खोलीला वरून झाकण असावे. पोटमाळ्यावरून माल काढणाऱ्या नोकराला खालची उघडी खोली दिसते, हे कित्येक मालकांच्या लक्षातच येत नाही. पडद्याऐवजी दार आणि आतून घट्ट बसणारी कडी हवी. दाराखालून किंवा दोन खोल्यांमधील फळीवरून मोबाइल सरकविता येईल एवढी फट नसावी. जुन्या खिळ्यांची व स्क्रूंची रिकामी भोके बुजवावीत. खुंटी, दिवा, स्विचबोर्ड यांखेरीज कोणतीही वस्तू आत ठेवू नये; म्हणजे नवी वस्तू आली की चटकन नजरेत भरेल.

कॅमेरा खोलीत कधीच नसावा. बाहेरच्या वाटेवर असल्यास दार पूर्ण उघडून गल्ल्यावरील पडद्यावर काय दिसते ते मालकाने स्वतः पाहावे. दार उघडताच आतील आरशातून प्रतिबिंब कॅमेऱ्यात येते का, हेही तपासावे. ही चूक फार सहज घडते. बहुतेक यंत्रणांत चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करण्याची सोय असते. ती बसविणाऱ्याकडून करून घ्यावी.

त्याहून मोठा प्रश्न आहे तो चित्रण कोणाच्या हाती आहे, हा. यंत्रणा बसविणारा कारागीर जो सांकेतिक शब्द ठेवून जातो, तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. मालकाच्या, मुलाच्या, मुनीमजींच्या आणि कधी सोडून गेलेल्या नोकराच्याही मोबाइलवर दुकान दिसत राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांतील स्त्री रुग्णांच्या चित्रफिती इंटरनेटवरून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. कॅमेरे रुग्णालयानेच बसविलेले होते. चित्रण मात्र दूरवरच्या परक्यांच्या हाती गेले. म्हणून सांकेतिक शब्द ताबडतोब बदलावा, तो दोघांहून अधिक जणांना ठाऊक नसावा आणि नोकर सोडून गेला की पुन्हा बदलावा. तिजोरीची किल्ली आपण अशीच सांभाळतो.

शेवटची गोष्ट म्हणजे नोंदवही. दुकान उघडताना व बंद करताना स्त्री कर्मचाऱ्याने प्रत्येक ट्रायल रूम आतून तपासावी आणि वेळ लिहून सही करावी. पाच मिनिटांचे हे काम रोज झाले, तर भोके, फटी आणि अनोळखी वस्तू त्याच दिवशी सापडतात. उद्या दुर्दैवाने काही घडलेच, तर ‘आम्ही दक्षता घेतली होती’ हे सांगणारा कागद हाच असेल.

तक्रार आली तर

एखादी स्त्री घाबरून बाहेर येते आणि फळीवर मोबाइल दिसल्याचे सांगते. त्या क्षणी दुकानदार कसा वागतो, यावर बरेच काही ठरते. नोकराच्या दोन थोबाडीत मारणे, त्याच्याकडून चित्रण पुसून घेणे, बाईंना ‘ताई, जाऊ द्या, आपलीच बदनामी होईल’ असे समजाविणे आणि बिलात सूट देणे, अशी रीत अनेक ठिकाणी दिसते. यात सद्हेतू असला तरी पुरावा नष्ट होतो, आणि पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय ती चित्रफीत आधीच दुसरीकडे पाठविली गेली असेल, तर ती शोधण्याचा मार्गही बंद होतो.

योग्य मार्ग सरळ आहे. त्या स्त्रीला बसायला द्यावे, तिच्याबरोबर स्त्री कर्मचारी थांबवावी, खोली बंद करावी, कोणत्याही यंत्राला वा मोबाइलला हात लावू देऊ नये, दुकानातील चित्रण जपून ठेवावे आणि ११२ वर पोलिसांना बोलवावे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. कलम ७७ खालील पीडितेचा जबाब स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावा, अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची तरतूद आहे. चित्रफीत इंटरनेटवर गेल्याची शंका असल्यास केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर नाव न देताही तक्रार करण्याची सोय आहे.

घरातील जबाबदारी

आरशाला बोट टेकवा आणि प्रतिबिंबात अंतर दिसले नाही तर तो आरसा दुहेरी समजा, असा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो. ही कसोटी खात्रीची नाही. त्यापेक्षा आतील दिवा मालवून मोबाइलचा उजेड काचेवर धरावा आणि दोन्ही हातांचा आडोसा करून डोकावावे. आरसा भिंतीवर टांगलेला आहे की भिंतीतच बसविला आहे, तेही पाहावे. छत, कोपरे, खुंट्या आणि फटी यांवरून एकदा नजर फिरवावी. मन साशंक झाले, तर कपडा घरी नेऊन पाहण्याची व बदलून घेण्याची सवलत मागावी.

पण सारा भार मुलींच्या सावधपणावर टाकणे न्याय्य नाही. मुलीने ‘तिथे काहीतरी विचित्र वाटले’ असे सांगताच ‘तू त्या दुकानात गेलीसच कशाला?’ हा प्रश्न घरातून आला, तर पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही. धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचे सर्वांत मोठे भांडवल हेच मौन असते. लाज वाटायला हवी ती पाहणाऱ्याला. हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांनी, विशेषतः वडिलांनी आणि आजोबांनी, एकदा तरी स्पष्टपणे उच्चारले पाहिजे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे कापडाच्या गल्ल्यामागे बसतात आणि त्याच कुटुंबांतील सुना-लेकी इतरांच्या दुकानात ग्राहक म्हणून जातात. येत्या रविवारी दुकान बंद झाल्यावर घरातील एखाद्या सुनेला किंवा मुलीला बरोबर न्यावे, तिला आपल्या ट्रायल रूममध्ये कडी लावून उभे राहू द्यावे आणि ‘इथे तुला निर्धास्त वाटते का?’ एवढेच विचारावे. तिने ‘नाही’ म्हटले, तर सोमवारी सकाळी पहिले काम सुताराला बोलाविण्याचे.