आजीची मशेरी, माझे रील्स

सकाळी साडेसहाला आमच्या घरात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. आजी मागच्या पडवीत बसून डबीतली मशेरी बोटावर घेते. आणि मी डोळे नीट उघडायच्या आधीच उशीखालचा मोबाईल हातात घेते.

मागच्या महिन्यात मी आजीला लेक्चर दिलं. ‘आजी, तंबाखूच आहे ती. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून काय तिचं दंतमंजन होतं? तोंडाचा कॅन्सर होतो याने. सोड आता.’

आजीने शांतपणे चूळ भरली. म्हणाली, ‘सोडते हां. आधी तू तो मोबाईल सोड बघू. रात्री दोन दोनला उजेड दिसतो गो तुझ्या खोलीत.’

मी गप्प. कारण त्या रात्रीच्या दोनपायीच त्याच आठवड्यात माझी इंटर्नल बुडाली होती. आणि ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

व्यसन म्हटलं की आपल्याला दारूचा गुत्ता आठवतो. मारुती मंदिरच्या टपरीवर चहासोबत ‘एकच’ म्हणून पेटवलेली सिगारेट, गेममधली ‘लास्ट मॅच’, रात्रीचे रील्स... याला आपण सवय म्हणतो. मग सवय कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, तेव्हा तीन खुणा सांगितल्या. किती वेळ खेळायचं यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टी मागे पडतात. आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. हे साधारण वर्षभर चालू असेल, तर तो विकार. सोशल मीडिया त्या यादीत नाही. पण या तीन खुणा मी स्वतःला लावून बघितल्या आणि मला काही फार बरं वाटलं नाही.

मग मी वाचायला घेतलं ते डॉ. अनिता अवचट यांच्याबद्दल. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगरने, म्हणजे ‘गर्द’ने, तरुण मुलांना घेरलं होतं. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत आजही तिथे चालू आहे.

या पद्धतीतल्या तीन गोष्टी मला फार पटल्या. पहिली म्हणजे, तिथे येणारा माणूस वाईट नसतो, आजारी असतो. त्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. दुसरी, व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे कार्यकर्ते होतात. म्हणजे समोरचा उपदेश करत नसतो, तो त्याच वाटेने आलेला असतो. तिसरी, उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतात. व्यसन एकट्याचं दिसतं, पण त्यात अख्खं घर अडकलेलं असतं.

आणि मी आजीशी काय केलं होतं? उपदेश!

खरं तर ‘सोड’ म्हणून सुटत नाही, याला कारणही आहे. निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचतं आणि डोपामिन वाढतं. मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा मागतो. तीच तलफ. रील्समध्ये रसायन बाहेरून येत नाही, पण पुढचा व्हिडीओ भारी निघेल की फालतू, हे माहीत नसतं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतरं चोच मारतच राहायची. आपलं बोटही तसंच वर सरकत राहतं.

म्हणून ‘का सोडत नाहीस?’ यापेक्षा ‘यातून तुला काय मिळतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. मी आजीला तो विचारला. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘तुझे आजोबा गेल्यापासून सकाळी बोलायला कोण असतं गो? ती डबी घेऊन बसलं की जरा बरं वाटतं.’

इतकी वर्षं त्या पडवीत मी कधी बसलेच नव्हते.

आता आमचं ठरलंय. रात्री माझा मोबाईल माजघरात, आजीच्या कपाटावर. सकाळी आम्ही दोघी पडवीत चहा घेतो. तलफ आली की दहा मिनिटं थांबायचं. तलफेची लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात आजी तुळशीला पाणी घालते, मी तिला पेपर वाचून दाखवते. तिची मशेरी तीन वेळांवरून एका वेळेवर आलीय. मी दोनदा हळूच माजघरात जाऊन मोबाईल आणला, दोन्ही वेळा पकडले गेले. आणि इंटर्नलचं बाबांना सांगून टाकलं. ओरडले, पण सांगून मोकळी झाले.

‘एकवीस दिवसांत सवय बदला’ वगैरे ऐकून घाबरू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज होता. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. आमचा आज एकोणिसावा दिवस आहे.

एकट्याने जमत नसेल तर...

- ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.
- तंबाखू सोडायची असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन: १८००-११-२३५६.
- रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा.
- आपल्या रत्नागिरीतच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कट्ट्यावर त्याच्या नावाने जोक होतात, पण गरज पडली तर तिथे जाण्यात लाज कसली?