जुन्या वेगवान वाहनांचे बाजारमूल्य आणि विक्रीचा निर्णय : राजदूत ३५० च्या संदर्भात

प्रस्तावना

घसारा ही संकल्पना शिकविताना मोटारवाहनाचे उदाहरण हमखास दिले जाते. वाहन दुकानाबाहेर पडले की त्याचे मूल्य घटू लागते, हे विद्यार्थ्यांनाही अनुभवाने ठाऊक असते. मात्र थोडी वाहने या नियमाला अपवाद ठरतात. ५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे १९५५ सालची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर कूपे ही मोटार लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. अशा केवळ दोन मोटारी तयार झाल्या होत्या. सिरोंचासारख्या तालुक्याच्या ठिकाणी ही वार्ता कुतूहलापलीकडे जाण्याचे कारण नाही. तथापि तोच नियम लहान प्रमाणात आपल्या अंगणात, ताडपत्रीखाली उभा असू शकतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी १९८६ सालची राजदूत ३५० ही मोटारसायकल आहे. वडिलांनी ती एका लाकूड ठेकेदाराकडून जुनी म्हणून अल्प किमतीत घेतली होती. त्यांच्या निधनानंतर गोदावरीपलीकडील एका गृहस्थांनी तिच्यासाठी जी रक्कम देऊ केली, ती लेखकाच्या तीन महिन्यांच्या वेतनाइतकी होती. धाकटा बंधू विक्रीस अनुकूल, मातोश्री प्रतिकूल. या कौटुंबिक पेचाच्या निमित्ताने सदर विषयाचे विवेचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

किमतीचे स्वरूप

राजदूत ३५० हे यामाहा आरडी ३५० चे भारतीय रूप. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये ते बाजारात आणले. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक रचना, ३४७ घनसेंटिमीटर क्षमता. त्या काळातील भारतीय रस्त्यांवर एवढा वेग दुसऱ्या देशी दुचाकीस क्वचितच साधत असे. परंतु पेट्रोलचा खप भारी, किंमत जास्त आणि सुटे भाग महाग, यांमुळे ग्राहकांनी पाठ फिरविली व काही वर्षांतच उत्पादन थांबले. येथेच विषयाची गंमत आहे. जे वाहन त्या काळी खपले नाही, ते थोडेच बनले. जे थोडे बनले, त्यांतील बरेच भंगारात गेले. आणि जे उरले, ते आज दुर्मीळ ठरले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे पुरवठा पूर्णतः अलवचिक आहे. किंमत कितीही वाढली तरी १९८६ सालचे आणखी एक वाहन निर्माण होऊ शकत नाही.

परंतु केवळ दुर्मिळता मूल्य निर्माण करीत नाही. त्यासाठी मागणी लागते, आणि या बाजारातील मागणी विशिष्ट पिढीची असते. अठराव्या वर्षी जे वाहन परवडले नाही, ते पन्नाशीत हाती पैसा आल्यावर मनुष्य विकत घेतो. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० बाबतही हेच घडले. ती तर मोठ्या संख्येने विकली गेली होती, तरीही तिला आज मागणी आहे. आलेखावर पाहता अशा वाहनाची किंमत प्रथम घसरते, तळाशी दीर्घकाळ रेंगाळते व नंतर वर चढते. ही चढण कायमची असते, असे मानणे मात्र धोक्याचे. ती पिढी उतारवयास लागली आणि पुढील पिढीस त्या वाहनाची आठवणच नसेल, तर मागणी ओसरते. म्हणून 'जितके थांबू तितके वाढेल' हा प्राध्यापक-कक्षात वारंवार ऐकू येणारा सल्ला सोन्याच्या बाबतीत एक वेळ ठीक. वाहनाच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो.

दुसरे असे की, ऐकीव किंमत ही बहुधा मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. शिवाय ती उत्तम स्थितीतील वाहनाची असते. जाणकार ग्राहक प्रथम इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतो, मग टाकी, सायलेन्सर, मीटर हे मूळचे आहेत काय ते पाहतो. नवा चकचकीत रंग दिल्याने किंमत वाढते, हा समज अनेकदा चुकीचा ठरतो. जुना पण मूळ रंग अधिक मोलाचा मानला जातो. आमच्या वाहनाचे मूळ सायलेन्सर वडिलांनी काढून माळ्यावर ठेवले होते. ते भंगारवाल्यास न दिल्याबद्दल आता त्यांचे आभार मानावेत असे वाटते.

कागदपत्रे आणि साठवणीचा खर्च

या भागात निर्णयाचा खरा कस कागदपत्रांवर लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या दुचाकीचे नूतनीकरण शुल्क २,००० रुपये व हलक्या मोटारीचे १०,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय गडचिरोलीस, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरवर. बंद पडलेले वाहन तेथवर टेम्पोने नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली आहे. परंतु १९८६ च्या वाहनास त्यासाठी २०३६ ची वाट पाहावी लागेल, आणि अशी नोंदणी झाल्यावर ते नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तोवर पावसाळ्यातील दमट हवेत टाकी गंजणार, रबरी भाग तडकणार. हा साठवणीचा खर्च आणि आज मिळणाऱ्या रकमेवरील संभाव्य व्याज, असा दुहेरी संधी-खर्च वाहन राखणाऱ्यास सोसावा लागतो. स्वतः चालविणारा, निदान आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करणारा कोणी घरात असेल तर हा खर्च आनंदाचा मोबदला ठरतो. तसा कोणी नसेल तर वाहन ठेवणे म्हणजे त्याचे मूल्य हळूहळू गंजू देणे होय.

करविषयक एक बाब सहकाऱ्यांच्या उपयोगी पडावी. वैयक्तिक वापराचे वाहन आयकराच्या दृष्टीने भांडवली मत्ता मानले जात नाही, त्यामुळे त्याच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेल्या वाहनांबाबत मात्र सल्ला घेणे इष्ट.

मूळ मालकाचे निधन झाले असल्यास प्रथम वारसाच्या नावे हस्तांतरण, मग विक्री, हाच क्रम योग्य. ग्राहक तेलंगणातील असेल तर ना-हरकत प्रमाणपत्रही आवश्यक. हा क्रम टाळून कोऱ्या कागदावर सही देऊन वाहन नदीपलीकडे पाठविण्याची प्रथा परिसरात आढळते. पुढे अपघात झाल्यास नोटीस नोंदणीकृत मालकाच्याच घरी येते.

आमच्या घरी तूर्त वारस नोंदीचा अर्ज भरला आहे. मातोश्रींची संमती एका अटीवर मिळाली : वाहन सुट्या भागांसाठी मोडणाऱ्यास न देता, चालविणाऱ्यास द्यावे. त्यामुळे पहिल्या ग्राहकास नकार कळविला. ते गृहस्थ भागांचा व्यापार करतात, असे चौकशीअंती समजले. दुसऱ्याने देऊ केलेली रक्कम बरीच कमी आहे, परंतु माळ्यावरचे सायलेन्सर पाहून ते अर्धा तास बोलत राहिले.