भारतातील दृश्य माध्यमांतील हिंसाचाराचे नियमन

भारतात चित्रपट, दूरचित्रवाणी, व्हिडिओ गेम आणि आंतरजाल या माध्यमांतून दाखवल्या जाणाऱ्या हिंसाचाराचे नियमन करणारा एकच असा कायदा नाही. चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. दूरचित्रवाणी वाहिन्यांना कार्यक्रम संहिता लागू आहे, परंतु तिच्या पालनावर मुख्यतः वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थाच लक्ष ठेवतात. ओटीटी मंचांनी आपल्या मालिका व चित्रपटांचे वयोगटानुसार वर्गीकरण २०२१ पासून स्वतःच करावयाचे आहे. व्हिडिओ गेमसाठी सरकारी वयोमानांकन अस्तित्वात नाही. त्यामुळे हत्येचे एकच दृश्य चित्रपटगृहात कापले जाते, घरच्या पडद्यावर इशाऱ्यासह दिसते आणि खेळात मात्र खेळणाऱ्याच्या हातूनच घडते.

ज्या कलमावर भारतातील चित्रपट-परिनिरीक्षण उभे आहे, त्यात 'हिंसाचार' हा शब्द नाही. गेल्या शंभर वर्षांतील वादग्रस्त प्रकरणे पाहिली तर रक्त किती सांडले यापेक्षा ते कोणी व कोणाचे सांडले, या प्रश्नावरच परिनिरीक्षकांचे लक्ष अधिक राहिल्याचे दिसते.

ब्रिटिश काळ

महाभारतातील कीचकाच्या वधाची कथा महाराष्ट्रात दोन वेळा परिनिरीक्षणाच्या कचाट्यात सापडली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पारतंत्र्यातील देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पक्ष दिसू लागला. वध रंगमंचावर किती भीषण दिसतो, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. नाटकाचा रूपकार्थ सरकारला झोंबला आणि १९१० मध्ये १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली नाटकावर बंदी आली.

दहा वर्षांनी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे याच कथेवर 'सैरंध्री' (१९२०) हा मूकपट काढला. या वेळी आक्षेप खुद्द वधाच्या चित्रणावर होता. भीम कीचकाला ठार मारतो ते दृश्य इतके खरे वाटणारे व भडक होते की परिनिरीक्षकांनी त्याला कात्री लावली. भारतीय चित्रपटातील हिंसाचाराच्या चित्रणावर, केवळ ते चित्रण आहे म्हणून झालेल्या कारवाईचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

चित्रपटांसाठीचा पहिला कायदा १९१८ चा. त्यानुसार १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे नेमण्यात आली. त्यांच्या कामावर पोलीस आयुक्तांचा मोठा प्रभाव असे आणि निर्णयही त्याच वळणाचे होत. कोहिनूर फिल्म कंपनीच्या 'भक्त विदुर' (१९२१) या मूकपटातील विदुर महात्मा गांधींसारखा दिसतो, या कारणावरून मद्रास इलाख्यात चित्रपटावर बंदी आली. प्रभात फिल्म कंपनीला शिवचरित्रावरील 'स्वराज्याचे तोरण' या चित्रपटाचे नाव बदलून तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. पुढे याच कंपनीच्या संत एकनाथांवरील 'महात्मा'चे 'धर्मात्मा' (१९३५) झाले.

१९५२ चा कायदा आणि मार्गदर्शक तत्त्वे

स्वातंत्र्यानंतर चलचित्र अधिनियम, १९५२ संमत झाला. त्याच्या कलम ५ ब नुसार देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता यांना बाधा आणणाऱ्या, बदनामी किंवा न्यायालयाचा अवमान करणाऱ्या अथवा गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारता येते. हिंसाचाराचा विचार या यादीत आडवाटेने, म्हणजे सुव्यवस्था आणि चिथावणी यांच्या मार्फत येतो.

त्याचा थेट उल्लेख केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. सध्याच्या व्यवस्थेचा आधार असलेली तत्त्वे १९९१ मध्ये अधिसूचित झाली. हिंसेचे उदात्तीकरण वा समर्थन होऊ नये, गुन्ह्याची पद्धत शिकवली जाऊ नये, मुलांना हिंसेचे बळी, कर्ते किंवा हतबल साक्षीदार म्हणून दाखवू नये, प्राण्यांवरील क्रौर्य विनाकारण दाखवू नये, स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराची दृश्ये टाळावीत आणि कथेला ती अपरिहार्य असतील तर किमान ठेवावीत, असे त्यांत म्हटले आहे. माणसाच्या संवेदना बोथट करणारी, केवळ करमणुकीसाठी घातलेली निरर्थक क्रूर दृश्येही वर्ज्य आहेत. मात्र एखादे दृश्य 'निरर्थक' केव्हा ठरते याचे माप कोठेही दिलेले नाही. तो निर्णय तपासणी समितीच्या चार सल्लागार सदस्यांवर व एका अधिकाऱ्यावर सोपवलेला आहे.

ही संपूर्ण व्यवस्थाच घटनाबाह्य असल्याचा दावा ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या लघुपटाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात केला. न्यायालयाने १९७० मध्ये तो फेटाळला. हलत्या चित्राचा प्रेक्षकाच्या मनावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा तीव्र व तात्काळ असतो, त्यामुळे चित्रपटाला वेगळी वागणूक देणे गैर नाही, असे या निकालाचे सूत्र होते. पुस्तक छापण्यापूर्वी परवानगी लागत नाही, चित्रपटाला लागते, या फरकाचा कायदेशीर पाया आजही हाच निकाल आहे.

मंडळाचे मूळ नाव 'केंद्रीय चित्रपट सेन्सॉर मंडळ' होते. ते १९८३ मध्ये बदलण्यात आले. 'यू' आणि 'ए' यांच्या जोडीला त्याच वर्षी 'यूए' व 'एस' हे वर्ग आले. नावातून सेन्सॉर गेला तरी लोकांच्या बोलण्यातून गेला नाही, आणि कापण्याचा अधिकारही मंडळाकडेच राहिला. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून निर्मात्यास थेट उच्च न्यायालयात जावे लागते. छोट्या निर्मात्याला हा खर्च व वेळ परवडणारा नसतो.

काही निर्णायक प्रकरणे

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी लागू असताना प्रदर्शित झाला. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरसिंगला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतल्याचे दाखवणे परिनिरीक्षकांना मान्य नव्हते. शेवट पुन्हा चित्रित करण्यात आला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. सचिन पिळगांवकर यांनी साकारलेल्या अहमदची हत्याही प्रदर्शित चित्रपटात दिसत नाही. गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो आणि पुढचे प्रेक्षकाने समजून घ्यायचे असते. अनेकांच्या मते हा प्रसंग न दाखवल्यामुळेच अधिक भयंकर झाला आहे. ठाकुराच्या कुटुंबाचे हत्याकांड मात्र चित्रपटात राहिले. डाकूने केलेल्या हत्या चालल्या, ठाकुराने केलेली चालली नाही. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित आवृत्ती २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवण्यात आली.

फाळणीच्या दंगलींवरील गोविंद निहलानी दिग्दर्शित 'तमस' ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाल्यावर ती थांबवण्यासाठी याचिका झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून ती थांबवण्यास नकार दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. दृश्याचा परिणाम दुबळ्या वा चंचल मनाच्या माणसाच्या नव्हे, तर विवेकी आणि खंबीर माणसाच्या दृष्टीने मोजावा, ही कसोटी न्यायालयाने येथे वापरली. ती न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात मांडलेली होती.

शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन' (१९९४) मधील सामूहिक बलात्काराचे आणि नायिकेची विवस्त्र धिंड काढल्याचे दृश्य हा अधिक कठीण प्रश्न होता. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा दिले. ही दृश्ये वासना चाळवण्यासाठी नसून अत्याचाऱ्यांविषयी घृणा व बळी ठरलेल्या स्त्रीविषयी करुणा निर्माण करण्यासाठी आहेत, असे न्यायालयाने मानले. हिंसाचार दाखवणे आणि हिंसाचाराची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद या निकालाने भारतीय कायद्यात पक्का केला.

मंडळाच्या दैनंदिन कामात हा भेद नेहमीच पाळला जातो असे नाही. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरून स्फुरलेला अनुराग कश्यप यांचा 'पाँच' मंडळाच्या आक्षेपांत अडकला. पुढे तो मार्ग मोकळा होऊनही चित्रपटगृहांत कधीच प्रदर्शित झाला नाही. अलीकडच्या काळात अत्यंत रक्तरंजित असा 'अ‍ॅनिमल' (२०२३) 'ए' प्रमाणपत्रासह सर्वत्र झळकला, तर पोलिसी अत्याचाराचे तुलनेने संयत चित्रण करणाऱ्या संध्या सुरी यांच्या 'संतोष' या चित्रपटाचे भारतातील प्रदर्शन २०२५ मध्ये अडले.

मराठी रंगभूमी

महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. विजय तेंडुलकर यांच्या 'गिधाडे' या नाटकात कौटुंबिक हिंसेला बळी पडलेल्या माणिकच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. १९७० मध्ये श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रयोगाच्या वेळी मंडळाने या डागाला हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. त्यामुळे ज्यांच्या नजरेतून डाग सुटला असता तेही त्याची वाट पाहू लागले. तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'वरील निर्बंधांविरुद्ध कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली व ती त्यांना मिळाली. संहितेच्या पूर्वपरीक्षणालाच अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये त्याच न्यायालयात आव्हान दिले.

दूरचित्रवाणी

केबल दूरचित्रवाणी जाळे अधिनियम, १९९५ आणि त्याखालील कार्यक्रम संहिता वाहिन्यांना लागू आहे. मनोरंजन वाहिन्यांविषयीच्या तक्रारींसाठी २०११ मध्ये उद्योगानेच निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली एक परिषद स्थापन केली.

खऱ्या हिंसाचाराच्या प्रक्षेपणाचा प्रश्न २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याने समोर आणला. हॉटेलांत कारवाई चालू असताना वाहिन्या सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि सीमेपलीकडील सूत्रधार तेच पाहून हल्लेखोरांना फोनवर सूचना देत होते. अजमल कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कठोर शब्दांत टीका केली. २०१५ मध्ये नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करण्यात आली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने दिलेली माहितीच वाहिन्यांना देता येते.

व्हिडिओ गेम

अमेरिकेत 'मॉर्टल कॉम्बॅट'सारख्या खेळांवरील सिनेट सुनावणीनंतर १९९४ मध्ये उद्योगाने ईएसआरबी ही मानांकन संस्था स्थापन केली. युरोपात २००३ पासून 'पेगी' आहे. भारतात ॲप दुकानांवर दिसणारी वयाची चिन्हे अशाच खासगी व्यवस्थांतून येतात.

'पबजी मोबाइल'चे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी या खेळावर बंदी घालून तो खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका शाळकरी मुलाच्या वतीने खेळावर बंदीची मागणी झाली. त्यात हिंसा आणि व्यसन ही कारणे पुढे होती. प्रत्यक्ष देशव्यापी बंदी २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर एकत्रित आली. तिचे कारण चीनशी संबंधित विदा-सुरक्षा हे होते. तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने २०२१ मध्ये परतला, २०२२ मध्ये रोखला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.

खेळातील हिंसा प्रत्यक्ष हिंसेला कारणीभूत होते का, याविषयी संशोधकांत एकमत नाही. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेली मुले तसेच वागली होती. तथापि प्रयोगशाळेतील अनुकरण आणि समाजातील गुन्हा यांत मोठे अंतर आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले की हिंसक खेळांचा आक्रमक वर्तनाशी अल्पसा संबंध दिसतो, परंतु प्राणघातक हिंसेचे खापर त्यांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही.

आंतरजाल

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ अ खाली सरकार आंतरजालावरील मजकूर रोखू शकते. श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले, पण ६९ अ वैध ठरवले. २०२१ च्या नियमांनी ओटीटी मंचांवर वयोवर्गीकरण, १३ वर्षांवरील वर्गांसाठी पालकांना वापरता येणारे कुलूप आणि 'ए' वर्गासाठी वयाची पडताळणी बंधनकारक केली. नीतिसंहितेच्या पालनाचे व तीन स्तरांच्या तक्रार व्यवस्थेचे उपनियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित केले.

वयोवर्गीकरण ज्या दृश्यांसाठी आहे त्यांपेक्षा वेगळ्याच प्रकारची हिंसा धुळे जिल्ह्यात दिसली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्यांसोबतच्या संदेशांत वा चित्रफितींत रक्तपात असेलच असे नाही. एखाद्याला परिनिरीक्षकापुढे ठेवले असते तर कापण्याजोगे काही सापडलेही नसते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली.