इट्राकोनाझोल: घेण्यापूर्वी आणि घेताना काय काळजी घ्यावी?

जांघेतले किंवा कमरेवरचे गजकर्ण मलमाने बरे होत नाही, तेव्हा डॉक्टर अनेकदा इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात. आजार त्वचेचा असला तरी हे औषध रक्तातून शरीरभर जाते. म्हणून घरातल्या दुसऱ्याच्या उरलेल्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका.

डॉक्टरांना आधी काय सांगावे?

• हार्ट फेल्युअर आहे किंवा पूर्वी होते. या औषधाने हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी होऊ शकते.
• कावीळ किंवा यकृताचा आजार झाला आहे. अशा वेळी रक्ततपासणी करावी लागू शकते.
• तुम्ही गरोदर आहात, बाळाला अंगावर पाजता किंवा गर्भधारणेचा विचार आहे.
• इतर औषधे चालू आहेत. कोलेस्टेरॉलसाठीचे सिमव्हास्टॅटिन सोबत घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, झोपेच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि दम्याचे स्टेरॉइड पंप यांचाही परिणाम वाढू शकतो.

कॅप्सूल कशी घ्यावी?

पूर्ण जेवणानंतर लगेच, अख्खी गिळावी. ती विरघळायला पोटातले आम्ल लागते. म्हणून अँटासिड आणि कॅप्सूल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. पँटोप्राझोलसारखी रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. खाज थांबली तरी बुरशी शिल्लक असू शकते. सांगितलेले दिवस पूर्ण करा.

दुष्परिणाम कोणते?

मळमळ, पोटदुखी, जुलाब, डोकेदुखी हे त्रास बहुधा सौम्य असतात. मात्र पुढीलपैकी काही दिसल्यास पुढची कॅप्सूल न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा:

• डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, फार थकवा
• पायांवर सूज, अचानक वजन वाढणे
• हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, ऐकू कमी येणे
• अंगावर पुरळ

दम लागला, किंवा चेहरा अथवा ओठ सुजले, तर थेट रुग्णालयात जा.

तपासणीला जाताना घरात चालू असलेल्या तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि पंप पिशवीत घालून न्या. नावे आठवण्यापेक्षा ती दाखवणे सोपे, आणि जास्त सुरक्षितही.