लाथेसाठी बदनाम असलेला कॅसोवरी पक्षी नसेल, तर अख्ख्या जंगलाचं गणित बिघडेल!

“जगातला सर्वात धोकादायक पक्षी” असं म्हणून एका पक्ष्याचे व्हिडिओ सोशल मीडियावर सतत फिरत असतात. निळीजांभळी मान, गळ्याला लोंबणारी लाल कातडी, अंगावर केसांसारखी काळी पिसं आणि डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा उंचवटा. या पक्ष्याचं नाव कॅसोवरी.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागात आणि न्यू गिनी बेटावरच्या घनदाट जंगलात तो राहतो. मोठी मादी माणसाएवढी उंच होते आणि तिचं वजन ६० किलोच्याही पुढे जातं. वजनात शहामृगानंतर याचाच नंबर लागतो. त्याला उडता येत नाही, पण तो ताशी ५० किलोमीटर वेगाने पळतो आणि उत्तम पोहतोसुद्धा.

तो खरंच इतका धोकादायक आहे का?

त्याच्या पायाच्या आतल्या बोटावर जवळपास १२ सेंटीमीटर लांब, सुऱ्यासारखं नख असतं. त्यामुळे त्याची लाथ जीवघेणी ठरू शकते, यात शंका नाही. पण गेल्या शंभर वर्षांत कॅसोवरीने माणसाचा जीव घेतल्याच्या दोनच घटना ठळकपणे सांगितल्या जातात. १९२६ साली क्वीन्सलँडमध्ये एक मुलगा गेला. तो या पक्ष्याला मारायला धावला होता. २०१९ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात, घरी कॅसोवरी पाळणाऱ्या माणसाचा मृत्यू झाला.

क्वीन्सलँडमध्ये माणसांवर झालेल्या १५० हल्ल्यांचा अभ्यास केला गेला, तेव्हा वेगळीच गोष्ट समोर आली. त्यातले सुमारे ७५ टक्के हल्ले लोकांनी आधी खाऊ घातलेल्या पक्ष्यांनी केले होते! एरवी हा पक्षी लाजाळू. माणसाची चाहूल लागली की झाडीत गडप होणारा. पण आयतं खायची सवय लागली की त्याची भीती जाते, तो माणसाच्या मागे लागतो आणि खाणं मिळालं नाही की लाथ मारतो.

पिल्लं सांभाळतो बाप

मादी हिरव्या रंगाची तीन ते पाच अंडी घालते आणि निघून जाते. त्याच हंगामात ती दुसऱ्या नराशीही जोडी जमवते. इकडे नर साधारण ५० दिवस अंडी उबवतो. पिल्लं बाहेर आली की पुढचे जवळपास नऊ महिने तोच त्यांना सोबत घेऊन फिरतो, काय खायचं ते दाखवतो आणि त्यांचं रक्षण करतो. या काळात त्याच्या जवळ जाणं मात्र खरोखर धोक्याचं असतं.

जंगलाचा माळी

कॅसोवरीचं मुख्य अन्न म्हणजे झाडाखाली पडलेली फळं. ती तो अख्खी गिळतो. गर पचतो आणि बिया विष्ठेतून दूरवर जाऊन पडतात, तेही खतासकट. कोकणात धनेश जे काम करतो, तेच काम हा तिकडे जमिनीवरून करतो. दोनशेहून जास्त प्रकारच्या झाडांच्या बिया तो अशा पसरवतो. त्यातल्या मोठ्या बिया गिळून लांब नेणारे प्राणी तिथे फारसे नाहीत.

रायपारोसा नावाच्या एका दुर्मीळ झाडाच्या बियांवर प्रयोग झाला. फळातून थेट घेतलेल्या बियांपैकी जेमतेम ४ टक्के उगवल्या, तर कॅसोवरीच्या पोटातून गेलेल्यांपैकी तब्बल ९२ टक्के!

आज धोका कुणाला?

२०१४च्या अंदाजानुसार ऑस्ट्रेलियाच्या जंगलात साधारण ४,४०० कॅसोवरी उरले होते. जंगलं तुटली, मधून रस्ते गेले. आता गाड्यांची धडक आणि कुत्र्यांचे हल्ले यात ते मरतात. लोकांनी दिलेल्या खाण्याच्या आशेने रस्त्याकडेला येणारा पक्षी तर गाडीखाली येण्याची शक्यता आणखी वाढते. मिशन बीच भागात म्हणूनच ‘सावकाश चालवा, कॅसोवरी रस्ता ओलांडतात’ अशा अर्थाचे फलक लावलेले दिसतात आणि क्वीन्सलँडमध्ये कॅसोवरीला खायला घालणं हा गुन्हा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी त्याच्या लाथेचा व्हिडिओ समोर आला, तर एवढं लक्षात असू द्या: त्या पक्ष्याला कुणीतरी केळं दाखवून जवळ बोलावलेलं असण्याची शक्यताच जास्त आहे.